आदेश कोणाचा होता, एवढं कागदावर येऊ द्या

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, मुक्काम नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

तुम्ही येणार म्हटलं की आमचं शहर नटायला लागतं. सिव्हिल लाइन्समधले दुभाजक रंगतात, रविभवन आणि नागभवनाची डागडुजी होते, आमदार निवासाचे नळ पुन्हा वाहू लागतात, आणि ज्या खड्ड्यांसाठी आम्ही वर्षभर अर्ज देतो ते रातोरात बुजतात. त्याबद्दल आभारच मानायला हवेत. पण त्याच सुमारास ट्रक भरून बांबू आणि लोखंडी कठडेही उतरतात. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा त्या कठड्यांपाशी अडतो आणि तुमची गाडी दुसऱ्या रस्त्याने विधानभवनात पोचते. १९५३ च्या नागपूर करारापोटी वर्षातलं एक अधिवेशन इथे भरतं, ते विदर्भाचं गाऱ्हाणं विदर्भात येऊन ऐकावं म्हणून. ऐकणारे आत असतात, गाऱ्हाणं बांबूच्या पलीकडे.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पत्राचं कारण एकच आहे. सरकारच्या माणसांनी कोणाला मारलं, कोंडलं किंवा कोणाचं घर पाडलं, तर आपल्याकडे चौकशी होते, आयोग बसतो, भरपाई मिळते, क्वचित माफीही मिळते. नाव तेवढं मिळत नाही. आदेश कोणी दिला आणि तो अमलात कोणी आणला, हे कधी कागदावर येत नाही. ते आणायचा अधिकार तुमचा आहे, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपासून सुरू करतो, कारण तो तुमच्या वाटेवर आहे. २३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून विदर्भभरातून गोवारी समाज आला होता. पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं राखणारी माणसं, बायकालेकरांसकट आलेली. अधिवेशन चालू होतं. निवेदन घ्यायला एखादा मंत्री येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. गर्दी हलली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पळायला जागा नव्हती. ११४ माणसं चेंगरून मेली. त्यांत बायका आणि मुलं जास्त होती. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग नेमला गेला आणि आयोगाने कोणालाच दोषी धरलं नाही.

आज शहरात त्यांचं स्मारक आहे. बर्डीच्या उड्डाणपुलाचं नाव ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ आहे. मेलेल्यांचं नाव पुलाला मिळालं, लाठी चालवा म्हणणाऱ्याचं नाव आजवर कुठेही नाही. ज्या मागणीसाठी ते आले होते ती नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ ला मान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० ला तो निकाल फिरवला. निदान त्या मागणीला इकडे किंवा तिकडे निकाल तरी लागला. लाठीच्या बाबतीत तेवढंही झालं नाही.

जुनं उकरून काय काढता, असं कोणी म्हणेल. मग अलीकडचं घ्या.

१७ मार्च २०२५ ला महाल आणि हंसापुरीत दंगल झाली. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले, एका उपायुक्तांवर कुऱ्हाडीचा वार झाला. दंगलखोरांना शिक्षा व्हावी यात दुमत नाही. शिक्षा द्यायला न्यायालय आहे. पण आठवडाभरात, २४ मार्चला, एका आरोपीच्या घरावर महापालिकेचा बुलडोझर गेला. घर आईच्या नावावर. नोटीस चोवीस तासांची. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली, पण तोवर यशोधरानगर भागातलं ते दुमजली घर जमीनदोस्त झालं होतं. महालातल्या दुसऱ्या आरोपीच्या घराचं पाडकाम अर्ध्यात थांबलं.

बांधकाम अनधिकृत होतं, असं महापालिकेचं म्हणणं. असेलही. या शहरात मंजूर नकाशाबाहेरचा मजला शोधायला फार लांब जावं लागत नाही, कोणत्याही गच्चीवर उभं राहून नजर फिरवा. तेवढ्यांतून नेमकं हेच घर, नेमक्या त्याच आठवड्यात कसं सापडलं, याचं उत्तर मात्र कोणी देत नाही. पुढे एप्रिलमध्ये आयुक्तांनी उच्च न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. कारण काय दिलं? तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्हाला माहीत नव्हता, राज्य सरकारचं परिपत्रक आमच्यापर्यंत आलंच नव्हतं.

तो निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा, म्हणजे तेव्हा चार महिने जुना. देशभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलेला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई, अमरावतीचे, याच खंडपीठात वकिली केलेले आणि पुढे सरन्यायाधीश झालेले. एके काळी ते याच नागपूर महापालिकेचे वकील होते! आपल्याच जुन्या वकिलाने लिहिलेला निकाल महापालिकेला ठाऊक नसावा, हे वाचून बार रूममध्ये आम्ही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे खरं.

त्या निकालात काय आहे ते एकदा नीट वाचा. नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यायची, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, समक्ष सुनावणी घ्यायची, कारणांसह आदेश काढायचा, त्यानंतर अपिलासाठी पुन्हा पंधरा दिवस थांबायचं. हे सगळं ठीकच. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते पुढचं: पाडकामाचं चित्रीकरण करायचं, आणि त्यात कोणते पोलीस व कोणते अधिकारी-कर्मचारी सहभागी होते त्यांची यादी अहवालात द्यायची. नियम मोडला तर घर पुन्हा उभारण्याचा खर्च त्या अधिकाऱ्याच्या खिशातून. नाव लिहायला लागलं की हात आखडतो, हे न्यायमूर्तींना ठाऊक असावं. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही ते ठाऊक असतं. हा निकाल आता सगळ्या महापालिकांना आणि नगरपरिषदांना पोचला आहे का, कोणत्या तारखेला पोचला, आणि चार महिने तो कोणाच्या टेबलावर पडून होता, हे सभागृहात विचारण्यासारखं आहे. माफी आयुक्तांनी मागितली. परिपत्रक न काढणारा मोकळाच राहिला.

घर पडतं ते सगळ्यांना दिसतं. पोलीस ठाण्याच्या आतल्या खोलीत होतं ते दिसत नाही, आणि माझं रोजचं काम त्याच्याशी आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

आरोपीला रिमांडसाठी उभं करतात ती वेळ बहुधा दुपारची, जेवणाच्या सुटीनंतरची. दोन शिपाई, मध्ये आरोपी. एका शिपायाने त्याचा दंड धरलेला. न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी आधी शिपायाकडे बघतो. मग ‘नाही साहेब’ म्हणतो, किंवा नुसती मान हलवतो. रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. तपास अधिकारी आणखी दोन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतो, तो मिळतो, आणि आरोपी त्याच हाताला धरून त्याच ठाण्यात परत जातो. तक्रार करून रात्र कुठे काढायची आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. वैद्यकीय तपासणीसाठी मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी रुग्णालयात नेतात, तेव्हाही डॉक्टरच्या टेबलाशेजारी तोच शिपाई उभा असतो. पट्ट्याने तळपायावर मारलेलं चप्पल घातल्यावर कळत नाही. कळतं ते चालण्यावरून. मी कोर्टाच्या पायऱ्या चढताना अशिलाची पावलं बघतो. अंगठ्यावर भार देऊन, टाच न टेकवता कोणी चढत असेल तर कागदावर ‘ताजी जखम नाही’ असं काहीही लिहिलेलं असो, मला काय ते समजतं. न्यायाधीशांना ते दिसत नाही, कारण त्यांच्यासमोर तो उभा असतो, चालत नसतो. मी अर्ज देतो, फेरतपासणी मागतो. कधी मिळते. बहुतेक वेळा अशीलच रात्री आईकडून निरोप पाठवतो, ‘वकीलसाहेब, राहू द्या ना ते.’

म्हणून २० डिसेंबर २०२४ ला इथल्याच विधानभवनात दिलं गेलेलं एक उत्तर मला अजून डाचतं. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच आठवड्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तुमच्यासमोर सांगितलं की मारहाण झाली का, असं न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारल्यावर सोमनाथने नाही असं उत्तर दिलं होतं. गृहखातंही त्यांच्याकडेच. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं कारण होतं. नंतर दंडाधिकारीय चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचं दार ठोठवावं लागलं, तेव्हा ४ जुलै २०२५ ला गुन्हा दाखल करण्याचा आदेश झाला. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही हरलं.

मृत्यूनंतर गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला साडेसात महिने आणि दोन न्यायालयं लागली, आणि समोरच्या बाजूला सरकारी खर्चाने वकील उभे होते. तिच्या मुलाचं ‘नाही’ हे उत्तर तुम्ही सभागृहात ऐकलंत. तेव्हा त्याचा दंड कोणाच्या हातात होता, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं?

जखम दिसली नाही म्हणजे काही झालं नाही, हा तर्क विदर्भाला नवा नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण मथुरा खटला म्हणून देशाला माहीत आहे. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं, आणि अंगावर जखमा नाहीत हे एक कारण दिलं. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, आणि आपल्या महाराष्ट्रातले रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार. पत्राने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. त्या पत्रावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा ठरला. कोठडीतल्या मारहाणीसाठी असा वेगळा कायदा अजून व्हायचा आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, पण अनुमोदन अजून दिलेलं नाही. २०१० मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात मसुदा तयार करून दिला. तोही पडून आहे.

मसुदा मंजूर करायची घाई सरकारला असते तेव्हा काय होतं, तेही आम्ही इथेच पाहिलं. सोमनाथ गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, १८ डिसेंबर २०२४ ला, याच विधानभवनात विशेष जनसुरक्षा विधेयक मांडलं गेलं. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला, गुन्हा अजामीनपात्र. समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या, तरी जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. अशा कायद्यांखाली माणसाचं काय होतं, याचा दाखला वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेले प्रा. जी. एन. साईबाबा तिथल्या अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक पहाऱ्याच्या एकांत कोठडीत, वर्षानुवर्षं होते. नागपूर खंडपीठाने त्यांना दोनदा निर्दोष सोडलं, आधी २०२२ मध्ये आणि मग ५ मार्च २०२४ ला. सुटल्यावर सात महिन्यांत ते गेले. त्यांच्या विचारांशी माझं पटत नव्हतं, पण इथे तो मुद्दाच नाही. खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा कागदच सदोष होता असं न्यायालयाने म्हटलं. त्या कागदाचा जाब कोणाला विचारला गेला?

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. बारा-बारा तास बंदोबस्तात उभ्या असलेल्या शिपायाला दगड लागतात, तेव्हा त्याच्याही घरी आई असते. आणि खरं सांगायचं तर नाव न लिहिण्याच्या या पद्धतीत मरतो तोच. आदेश तोंडी असतो, ‘वरून फोन आला’ एवढाच. प्रकरण अंगाशी आलं की वरचा फोन नाकबूल होतो आणि निलंबनाच्या यादीत शिपाई आणि फार तर एखादा फौजदार येतो. आदेश लेखी असेल, निदान नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीत वेळ आणि हुद्द्यासह असेल, तर सगळ्यात आधी त्या शिपायाची मान वाचेल. माझ्या ओळखीचे निवृत्त फौजदार चहाच्या टपरीवर हे मोकळेपणाने बोलतात. नोकरीत असताना बोलता येत नाही, एवढंच.

नवीन काही शोधायची गरजही नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिलीच अट घातली ती अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी असावी, ही. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. पण मोर्चासमोर उभ्या दंगल नियंत्रण पथकाच्या जॅकेटखाली ती पट्टी झाकली जाते आणि साध्या वेशातल्या माणसाच्या अंगावर ती नसतेच. अधिवेशनाच्या काळात गाडीतून उतरून एकदा वाचून बघा, किती नावं वाचता येतात. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यानंतर आपल्या राज्याने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला आणि राज्य व विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. नागपूर विभागातल्या किती लोकांना त्याचा पत्ता सांगता येईल? परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ठाण्याच्या प्रत्येक खोलीत, लॉकअपमध्ये आणि व्हरांड्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, शक्य नसेल तर किमान वर्षभर, जपून ठेवायला सांगितलं. आम्ही चित्रण मागितलं की कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद असतो. कॅमेऱ्यांनाही बंदोबस्ताची रजा मिळत असावी.

पोलीस हा राज्याच्या यादीतला विषय आहे, दिल्लीकडे बोट दाखवून सुटका नाही. सरकार विधेयक आणणार नसेल तर तुमच्यापैकी कोणीही, सत्ताधारी बाकांवरचा असो की विरोधी, अशासकीय विधेयक आणू शकतो. तेवढी तयारी नसेल तर निदान एक तारांकित प्रश्न विचारा. तुमच्या स्वीय सहायकांचा वेळ वाचावा म्हणून मजकूर खाली तयार करून देतो. तो तसाच दिला तरी माझी हरकत नाही. नाव तुमचंच घाला.

‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) नागपूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील प्रत्येक पोलीस ठाण्यात आजच्या तारखेला किती कॅमेरे चालू आहेत, किती बंद आहेत, आणि सर्वांत जुने उपलब्ध चित्रण कोणत्या तारखेचे आहे, (२) मागील पाच वर्षांत जमावावर बळाचा वापर करण्याचे आदेश किती वेळा दिले गेले, त्यांपैकी लेखी किती, आणि प्रत्येक आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा काय, (३) दि. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यात झालेल्या पाडकामांच्या अहवालांत सहभागी अधिकाऱ्यांच्या नावांची यादी जोडली आहे काय. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आपला,
नागपूर जिल्हा न्यायालयात वकिली करणारा
एक मतदार